रसिकाचा प्रक्षेप

एखादा ग्रंथ मनापासून आवडला म्हणजे तो नुसता वाचून मनुष्याचे समाधान होत नाही. त्याविषयी कोणाशी तरी बोलावेसे वाटते. त्यातील एखादा उतारा वहीत उतरून घ्यावासा वाटतो. आणि बोटांत थोडीबहुत कला असली, तर त्यातील माणसे कागदावर काढून पाहावीशी वाटतात. चित्र पुरे झाल्यावर ते पेटीत ठेवून देण्यानेही मन भरत नाही. ज्यांनी तोच ग्रंथ तितक्याच प्रीतीने वाचला आहे, अशांच्या पुढे ते ठेवावे आणि ‘तुम्हांलाही ती अशीच दिसली काय?’ असे विचारावे, ही ओढ पाठोपाठ येतेच. आजच्या तरुण वाचकांत ही प्रवृत्ती विशेष दिसते. परंतु ती आजची नव्हे. प्रस्तुत लेखात आम्हांस जो प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे तो असा: दुसऱ्याने निर्माण केलेल्या सृष्टीत आपल्या हाताने भर घालण्याचा, आणि ती भर चारचौघांत मांडण्याचा, वाचकाला अधिकार आहे काय? आणि असल्यास त्या अधिकाराबरोबर कोणते ऋण त्याच्या माथी येते?

प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. कोणी एखाद्या नायिकेचे चित्र काढले, म्हणून ग्रंथाचे एक अक्षरही इकडचे तिकडे होत नाही, मग अधिकाराचा वाद कशाला? परंतु शब्द आणि रेघ यांच्या स्वभावातच एक भेद आहे, आणि वादाचे मूळ तेथे आहे. ‘ती सुंदर होती’ एवढे तीन शब्द लिहून कवी मोकळा होतो. तिचे नाक कसे होते, कपाळ रुंद होते की अरुंद, हे तो सांगत नाही, आणि न सांगितल्याने त्याचे काही अडतही नाही. उलट त्या न सांगण्यातच हजार वाचकांना हजार मुखे कल्पिण्याची मोकळीक राहते. चित्रकाराला ही सवलत नाही. नाक काढल्यावाचून मुख पुरे होत नाही, आणि नाक काढले की कवीने मोकळी ठेवलेली जागा भरली जाते. शब्द जेथे मौन पाळू शकतो, तेथे रेघेला बोलणे भाग पडते.

म्हणूनच काही थोर लेखकांना आपल्या पुस्तकांत चित्रे घातलेली खपली नाहीत. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर याने १८६२ साली एका पत्रात आपल्या हयातीत असे होऊ देणार नाही म्हणून निक्षून सांगितले. रेखाटलेली स्त्री ही कोणी एकच स्त्री होते आणि वाचकाच्या मनातील इतर सर्व स्त्रिया मावळतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. काफ्काची एका मनुष्याचा किडा झाल्याची विलक्षण कथा १९१५ साली पुस्तकरूपाने निघत होती, तेव्हा त्याने प्रकाशकास कळविले की, वेष्टनावर तो किडा काढू नये, दुरूनसुद्धा दाखवू नये. ज्याने तो किडा निर्माण केला त्यालाच तो दिसू नये असे वाटले, यात मोठे मर्म आहे. वाचकाने भयाने आपापला किडा कल्पावा, हीच त्या कथेची शक्ती. तो एकदा कागदावर आला की भय संपून कुतूहल उरते.

दुसरा आक्षेप लेखकाच्या बाजूने नसून सहवाचकांच्या बाजूने आहे, आणि आमच्या मते तो अधिक जड आहे. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस घातला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. त्या छापखान्यातून निघालेली देवादिकांची आणि पुराणांतील नायक-नायिकांची चित्रे घरोघर भिंतींवर लागली. ज्या घरात चित्र म्हणून कधी आले नव्हते तेथे ते आले, हा त्याचा उपकार थोर आहे. परंतु त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट घडली. लक्ष्मी म्हटली की सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच लक्ष्मी येऊ लागली. शकुंतला मागे वळून पाहते ती सर्वत्र एकाच रीतीने वळू लागली. एका समर्थ हाताने लक्षावधी लोकांच्या कल्पनेला एक वळण लाविले, आणि ते वळण आपले नव्हे हे ओळखण्याची शक्तीही हळूहळू क्षीण झाली. चित्र वाटले जाते तेव्हा आनंद वाटला जातो हे खरे. पण कधी कधी त्याच वाटणीत दुसऱ्याचे काही हरपतेही.

हे दोन्ही आक्षेप मनात ठेवून, एका अशा वाचकाकडे आपण वळू की ज्याने आपल्या प्रिय ग्रंथांची चित्रे आयुष्यभर काढिली आणि ती लोकांपुढे मांडिली. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे ते वाचक होत. औंध संस्थान आकाराने लहान, आणि त्याचा मुलूखही सलग नव्हता. खुद्द औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी व कुंडल हे त्याचे भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतात. या विखुरलेल्या संस्थानावर १९०९ पासून त्याच्या विलीनीकरणापर्यंत बाळासाहेबांचा अंमल होता. ते बी. ए. झालेले, सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते, हौसेने कीर्तन करणारे, आणि चित्रकार. रामायणावर त्यांची अपार भक्ती. त्या भक्तीतून त्यांनी स्वतः रामायणातील प्रसंग रंगविले, आणि १९१६ साली ते ‘चित्ररामायण’ म्हणून मुंबईस छापून प्रसिद्ध केले.

राजे लोकांना चित्रांचा षोक असणे यात नवल नाही. ते चित्रकार पदरी ठेवतात, चित्रे विकत घेतात, दिवाणखाने सजवितात. बाळासाहेबांनीही चित्रे जमविली. औंधच्या टेकडीवर १९३८ साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय त्याची साक्ष देत आहे, आणि रविवर्म्याचीही चित्रे तेथे पाहावयास मिळतात. परंतु संग्रह करणे वेगळे आणि स्वतः कुंचला हाती धरून रामायणापुढे बसणे वेगळे. पहिल्यात राजा दिसतो. दुसऱ्यात वाचक दिसतो. धनुर्भंग पुराणिकाच्या तोंडून ऐकला होता, पोथीत वाचला होता. पण तो काढावयास बसल्यावर जनक कोठे उभा होता, सीतेची दृष्टी धनुष्याकडे होती की रामाकडे, असे प्रश्न त्याला पडलेच असले पाहिजेत, कारण ते सोडविल्यावाचून चित्र पुरे होत नाही.

याच भूमीत रामकथेत रसिकांनी भर घालण्याचे हे पहिलेच उदाहरण नव्हे. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले, तेव्हा पोथीतील सीतेला प्रथमच तेथील लोकांपुढे चालती-बोलती काया मिळाली. आणि बाळासाहेबांच्याच संस्थानात, आटपाडी भागातील शेटफळे गावी १९१९ साली जन्मलेल्या आणि औंधास शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी १९५५–५६ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ दिले. भाव्यांनी अभिनयाने, पंतप्रतिनिधींनी रंगाने, माडगूळकरांनी गीताने एकाच ग्रंथाविषयीची प्रीती व्यक्त केली. तिघांनीही वाल्मीकीने न सांगितलेले काही सांगितले. म्हणजे आमच्या भाषेत बोलावयाचे तर, तिघांनीही प्रक्षेप केला.

‘प्रक्षेप’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहो. कारण बाळासाहेबांच्या चरित्रात एक असा योग आला की त्या शब्दाचा अर्थ नीट तपासल्यावाचून गत्यंतर नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे मनात आणिले, तेव्हा बाळासाहेबांनी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९१९ साली कार्य सुरू झाले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. आणि सुखठणकर १९४३ साली निवर्तल्यावरही ते व्रत चालू राहून १९६६ साली त्याची सांगता झाली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते या कामासाठी तपासण्यात आली. कार्य कोणते? तर शतकानुशतके लेखकांनी, पुराणिकांनी, भाविकांनी मूळ संहितेत घुसडलेले श्लोक हुडकून बाजूस काढणे. महाभारत सांगणाऱ्या व्यासापुढे गणपती लेखणी घेऊन बसला, ही सर्वांच्या आवडीची कथा या चाळणीत मूळ संहितेतून गळून परिशिष्टात गेली. १९४४ साली एजर्टन या अमेरिकन पंडिताने संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने भर सभेत श्रीकृष्णाचा केलेला धावा उरला नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहते, पण ते पुरविणारा कोण, हे संहिता सांगत नाही.

आणि गंमत अशी की, प्रक्षेप काढून टाकण्यासाठी ज्या आवृत्तीचा एवढा खटाटोप, तिच्याच मुखपृष्ठावर संपादकांच्या नावाबरोबर दुसरेही एक नाव आहे. प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारा म्हणून औंधच्या अधिपतींचा तेथे उल्लेख आहे. एका बाजूस पंडित एकेक श्लोक तोलून, मुळात नसलेले सर्व काढून टाकीत आहेत. दुसऱ्या बाजूस एक रसिक, मुळात कधीच नव्हते असे पानभर रंगकाम त्याच ग्रंथात घालीत आहे. एका ग्रंथाच्या पोटात निष्ठेचे हे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदत आहेत. कोणी म्हणेल, ही विसंगती आहे; देणगीदाराची भीड मोडवली नाही म्हणून पंडितांनी चित्रे चालवून घेतली. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या मते येथे विसंगती मुळीच नाही, आणि का नाही हे समजले म्हणजे आमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

प्रक्षेपात दोष कोणता आहे? भर घालणे हा दोष म्हणावा, तर कालिदासापासून मोरोपंतांपर्यंत सर्वच दोषी ठरतील. कारण सर्वांनी व्यास-वाल्मीकींच्या कथेत आपल्या पदरचे घातले आहे. तरीही कोणी शाकुंतलाला महाभारतातील प्रक्षेप म्हणत नाही. का? तर कालिदासाने आपला ग्रंथ आपल्या नावाने लिहिला. ज्या अज्ञात लेखकाने पोथी उतरून घेताना मध्येच आपले दोन श्लोक घातले, त्याची भक्ती कदाचित कालिदासाहून कमी नसेल; पण त्याने आपला आवाज व्यासाच्या कंठात घातला, आणि पुढच्या वाचकाला कोणता आवाज कोणाचा हे कळण्याची वाट बुजवून टाकिली. तेव्हा प्रक्षेपाचे पाप भर घालण्यात नाही. भर घातली हे लपविण्यात आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे चित्र ही सर्वांत प्रामाणिक भर ठरते, कारण तिला लपताच येत नाही. श्लोक श्लोकांत मिसळून जातो. चित्र श्लोकांत मिसळू शकत नाही. पानावर रंग दिसला की, हे व्यासाचे नव्हे, कोणा पाहणाऱ्याचे आहे, हे लहान मूलही जाणते. पंडितांनी अनेक श्लोकांना बाहेर घालविले आणि चित्रांना आत घेतले, यात काही वावगे नाही. श्लोक व्यासाचा वेष घेऊन आले होते. चित्रे आपल्याच वेषात आली.

प्राचीन काश्मिरी शास्त्रकार श्रीशंकुक याने नाट्यरसाची चर्चा करताना चित्रातल्या घोड्याचा दृष्टांत दिला आहे. चित्रातील घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असे म्हणतो; पण ते ज्ञान खऱ्या घोड्याचे ज्ञान नव्हे, खोटेही नव्हे, संशय नव्हे, की केवळ सादृश्याचे ज्ञानही नव्हे; ते या चारही प्रकारांहून वेगळे आहे. पुढील शास्त्रकारांनी शंकुकाचे मत खोडून काढिले, तरी हा चित्रतुरग काही मेला नाही. रसिक आपले चित्र पुढे करून ‘ही सीता’ म्हणतो, तेव्हा त्याचे बोलणे याच जातीचे असते. सीता अशीच होती, असे तो म्हणत नाही. सीता अशी नव्हती, असेही नाही. ‘वाचताना माझ्यापुढे ही उभी राहिली’ एवढेच तो सांगतो. हा भाव जोवर सांगणारा आणि पाहणारा या दोघांच्याही मनात जागा आहे, तोवर फ्लोबेरने भ्यावे असे काही घडत नाही. तो मावळला आणि ‘ही माझी सीता’ याचे ‘सीता ती हीच’ झाले, म्हणजे मात्र उघड भरीचाही प्रक्षेप होतो. ग्रंथाच्या पानावर नव्हे, वाचकांच्या मनावर. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी जे झाले ते हेच, आणि त्यात चित्रकाराइतकाच पाहणाऱ्यांचाही हात होता.

हाताने चित्र काढण्याचे आणखी एक फळ आहे, त्याचाही येथे विचार केला पाहिजे. वाचताना आपण पुष्कळ गोष्टी अर्ध्या पाहून पुढे सरकतो. चित्र काढणाऱ्याला तसे सरकता येत नाही. पात्र बसले होते की उभे होते, दिवा लागला होता की नाही, हे ठरविण्यासाठी तो पाने मागे उलटतो, आणि चार वेळा वाचूनही न दिसलेला शब्द त्याला तेव्हा दिसतो. महाभारताची चित्रे काढताना बाळासाहेबांनी प्राचीन नमुने शोधिले, त्याच्या मुळाशी हीच निकड दिसते. ज्यांनी वेरूळ व अजिंठा यांवर स्वतंत्र पुस्तके लिहिली, त्यांनी द्रौपदीच्या अंगावर काय असावे याचे उत्तर जुन्या शिल्पांत व भित्तिचित्रांत धुंडाळावे, हे स्वाभाविकच होते. हात जितका सावकाश चालतो तितके वाचन खोल जाते. आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते. समर्थांच्या हातची मानलेली वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. ज्याला ते काव्य मुखाने म्हणता आले असते, त्याने ते बोटांनीही वाचावे, यात त्या काळच्या वाचनाची एक रीत दिसते.

आज यंत्राला चार शब्द सांगितले की ते क्षणार्धात चित्र हजर करते, आणि ते पुष्कळदा आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांहून देखणेही असते. आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. परंतु त्या चित्रात एक उणीव राहते, ती ही की नाक कसे असावे हे कोणी ठरविलेलेच नसते. ‘असे का काढिलेस?’ म्हणून विचारले तर उत्तर देणारा त्याच्या मागे कोणी नाही. वेड्यावाकड्या रेघांनी काढलेले चित्र पुढे करणारा पोर मात्र सांगू शकतो की, मला ती हसताना कधी दिसलीच नाही, म्हणून मी तिचे ओठ मिटलेले काढिले. हे उत्तर चुकीचे असेल. पण ते ग्रंथाविषयीचे उत्तर आहे. समानधर्मी वाचकांपुढे मांडण्याजोगे जे काही असते ते हेच.

आता मांडण्याचा प्रश्न. सांगलीस एका लहानशा वाचनमंडळात काही महाविद्यालयीन मुलामुलींनी ‘ययाति’ वाचण्यास घेतली होती. वि. स. खांडेकर सांगलीचेच सुपुत्र. त्यांची ही कादंबरी १९५९ सालची, आणि तीही महाभारतातील उपाख्यानात केलेली उघड भर. मुळातला कच विद्या घेऊन देवलोकी जातो तो पुन्हा येत नाही. खांडेकरांचा कच पुन्हा येतो, आणि कादंबरीचा नैतिक भार पुष्कळसा त्याच्यावरच आहे. हा बदल आपला आहे हे त्यांनी कोठे लपविले नाही. असो. त्या मंडळात ठरले की, चिमुकल्या पुरूला घेऊन हस्तिनापूर सोडणारी शर्मिष्ठा ज्याने त्याने काढून आणावी. सात-आठ चित्रे आली. एकाने तिचे मुख नगराकडे वळविले होते. एकाने ती पाठमोरी काढली होती. एका मुलीने शर्मिष्ठा काढलीच नव्हती, केवळ बाळाभोवती घट्ट आवळलेला हात काढिला होता. मग वाद सुरू झाला. ती मागे वळून पाहील काय? तिला राग अधिक होता की भय? प्रत्येकजण पुस्तक उघडून आपल्या बाजूची वाक्ये दाखवू लागला. एखाद्या कादंबरीवर आम्ही वर्गात तासभर बोलून जे साधत नाही, ते त्या सात-आठ कागदांनी घडविले.

परंतु पुढच्या बैठकीस निराळेच दृश्य होते. त्यांतील एक विद्यार्थी चित्रशाळेत शिकणारा होता. त्याची शर्मिष्ठा खरोखर सुरेख होती. तिची छबी सर्वांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचली होती, आणि या खेपेस जी चित्रे आली त्यांत सर्वत्र त्याच शर्मिष्ठेचे डोळे होते. बाळाचा हात काढणाऱ्या मुलीने चित्र आणिलेच नव्हते. विचारता ती एवढेच म्हणाली, ‘आता ती कशी होती ते कळलंच ना!’ कोणी तिला दुखविले नव्हते. त्या विद्यार्थ्याचाही काही अपराध नव्हता. त्याने आपल्या प्रीतीने चित्र काढिले व प्रीतीनेच दिले. तरीही एक शर्मिष्ठा त्या मंडळातून नाहीशी झाली, आणि आमच्या मते ती सर्वांत खोल पाहिलेली होती.

येथे औंधच्या राजाची अडचण आपणांस नीट कळते. राजाने सीता काढली. आता ‘महाराज, आमची सीता अशी नाही’ असे प्रजेतील कोणी म्हणावे? राजाची सत्ता असो की कुशल हाताची सत्ता असो, ती चित्राबरोबर सभेत येते आणि इतरांची तोंडे न सांगता मिटविते. ज्याने १९३९ साली आपल्या संस्थानाचा कारभार गांधीजींच्या सल्ल्याने घडलेल्या घटनेद्वारे लोकांच्या हाती सोपविला, त्या राजाला ही अडचण उमगण्याजोगी होती असे आम्हांस वाटते. पण चित्राच्या बाबतीत अशी घटना कोणी लिहिलेली नाही. दूर डेन्मार्कात मात्र एका राजकन्येने या अडचणीतून वाट काढिली. टोलकिन या इंग्रज लेखकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी तिची अत्यंत आवडती. तिने तिची चित्रे काढून १९७० च्या सुमारास लेखकाकडे पाठविली. आणि पुढे १९७७ साली ती डॅनिश आवृत्तीत आली, ती एका टोपण नावाने. तोवर ती मार्गारेट राणी म्हणून सिंहासनावर बसली होती. टोपण नाव म्हणजे लपविणेच नव्हे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते नव्हे. तिने आपली रेघ लेखकाच्या नावावर घातली नाही. आपला मुकुट मात्र दाराबाहेर ठेविला. प्रिय ग्रंथापुढे बसताना प्रत्येकाने काही ना काही बाहेर ठेवावे लागते. कोणी मुकुट, कोणी हातातले कसब.

याचा अर्थ कुशल हाताने मुद्दाम वाईट काढावे असा नव्हे. अर्थ एवढाच की, मंडळात चित्र मांडण्याची रीत चित्राच्या सौंदर्याला नव्हे, प्रश्नाला मान देणारी असावी. आमच्या चित्रकथींची परंपरा या बाबतीत पाहण्याजोगी आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून कथा गात असत. चित्र कथेच्या हातात होते, कथा चित्राच्या हातात नव्हती. पान उलटले की ते चित्र खाली जाई आणि गाणे पुढे चाले. भिंतीवर कायमचे लागणारे चित्र आणि हातात क्षणभर धरलेले चित्र यांत हा फरक आहे. वाचकांच्या मेळ्यात चित्र यावे ते या दुसऱ्या रीतीने.

सातारा जिल्ह्यातच, पांचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यान, भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ ४ मे २०१७ पासून उघडले आहे. घरांच्या भिंती तेथे चित्रकारांनी रंगविल्या, आणि आरंभी २५ ठिकाणी वाचकांसाठी पुस्तके मांडण्यात आली. पाहुणा कोणाच्याही ओसरीवर बसून पुस्तक हाती घेऊ शकतो. आमच्या मनात येते की, अशा ओसरीवर एखादी कोरी वही ठेवावी. ज्याने जे पुस्तक वाचले त्याने त्यातील जे दिसले ते तीत काढावे, खाली आपले नाव घालावे, आणि पुढच्या वाचकासाठी पुढचे पान कोरे सोडावे. मागील चित्र पाहण्यापूर्वी आपले काढावे, एवढाच नियम.

कायद्याचा मुद्दा आम्ही हेतुतः बाजूस ठेविला आहे. १९५७ च्या अधिनियमाप्रमाणे आपल्या देशात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि दुसऱ्याच्या निर्मितीवर पैसा मिळवू पाहणाऱ्याने तो जाणून घ्यावाच. पण येथे प्रश्न विक्रीचा नव्हता, प्रीतीचा होता. आणि प्रीतीलाही तिचे नियम असतात. काफ्काची विनंती वेष्टनापुरती होती. तेथे चित्र ग्रंथाआधी वाचकाला गाठते. ग्रंथ वाचून झाल्यावर, तो वाचलेल्यांच्याच मेळ्यात जे चित्र फिरते, त्याने त्या विनंतीचा भंग होतो असे आम्हांस वाटत नाही. लेखकाने मोकळी ठेवलेली जागा वाचकाने भरावी, यासाठीच ती मोकळी असते. ती सर्वांसाठी कायमची भरून टाकू नये, एवढेच त्याचे मागणे आहे.

तेव्हा आमचे उत्तर असे की, वाचकाला अधिकार आहे, आणि त्याबरोबर दोन ऋणे आहेत. भर घालणाऱ्याने ती आपली म्हणून ओळखू यावी अशी घालावी, हे ग्रंथाचे ऋण. आणि आपले चित्र दाखविल्यावर दुसऱ्याचे मागून घ्यावे, ते पुढे येईपर्यंत थांबावे, हे सहवाचकाचे ऋण. पहिले ऋण चित्र आपल्या स्वभावानेच बहुतेक फेडते. दुसरे मात्र माणसालाच फेडावे लागते. सांगलीच्या त्या मंडळात पुढच्या खेपेस कोणी त्या मुलीच्या घरी जाऊन ‘तुझे चित्र कोठे आहे?’ म्हणून विचारले असेल, तर ते त्या सुरेख शर्मिष्ठेहूनही खांडेकरांना अधिक आवडले असते, असे आम्हांस खात्रीने वाटते.